दारात डोह : हौसेचा हिशेब

गेल्या मार्च महिन्यात मामांचा फोन आला. “अरे, तुझं ते हिशेबाचं डोकं घेऊन दोन दिवस मळ्यावर ये. मला तळं विकत घ्यायचंय.”

तळे खोदतात, तळे बांधतात, आणि म्हण खरी मानली तर राखणारा ते चाखतोही. पण विकत आणलेले तळे मी पाहिले नव्हते. माझी पस्तीस वर्षे ओव्हरसियरकीत गेली. रस्ते मोजले, मोऱ्या मोजल्या, पाण्याच्या टाक्या मोजल्या. आता मामांचे तळेही मोजून पाहावे, म्हणून मी पुण्याहून निघालो.

मामांचा मळा शिरूर तालुक्यात, पाबळच्या बाजूला. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. पडवीत बसताच त्यांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक माझ्यापुढे टाकले. त्यावर निळ्याशार पाण्याचा हौद, काठावर रंगीत छत्री आणि छत्रीखाली हसणारे एक सुखी कुटुंब. खाली मजकूर : फायबरग्लासचा तयार हौद, लांबी 20 फूट, रुंदी 10 फूट, किंमत 4 लाख 75 हजार रुपये.

“मामा, या वयात तुम्ही पोहणार?”

“मी कशाला? पोरांसाठी. तू आधी शेततळ्याकडं चल, मग बोल.”

शेततळे मळ्याच्या वरच्या अंगाला होते. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना निघाली, त्यानंतर या भागात अशी तळी गावोगाव झाली. मामांचे तळे 30 मीटर लांब, तेवढेच रुंद आणि 3 मीटर खोल. उतरत्या बाजू, आणि त्यांवर जाड काळा प्लॅस्टिकचा कागद. पाणी मुरू नये म्हणून कागद हवाच. पण त्या कागदावर बोटभर शेवाळ धरले होते.

“मागल्या दिवाळीत शेजारच्या वस्तीवरला पोरगा हितं घसरला,” मामा सांगू लागले. “नऊ वर्षांचा. चेंडू काढायला वाकला आन् गेला. हात मारी, वर येई, पुन्हा घसरे. धरायला काही न्हाईच ना! आमच्या गड्यानं ठिबकची नळी टाकली, ती त्यानं धरली म्हणून वाचला. तवापासून मला नीट झोप न्हाई. माझी नातवंडं मे महिन्यात येतात, पुण्याची पोरं. एकालाही पोहता येत न्हाई.”

तेव्हा कुठे मला कळले की मामांना तळे नको होते. त्यांना पोहणारी नातवंडे हवी होती.

विहिरी गेल्या, बोअर आल्या

मामा स्वतः विहिरीत शिकले. त्या काळी पोहणे शिकवायला मास्तर लागत नसे. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर वाळका भोपळा, तेही नसले तर झाकण डाकलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने थारोळ्यावरून ढकलून द्यायचे. दोनचार दिवस नाकातोंडात पाणी जाई. आठव्या दिवशी ओंडका सुटे आणि पंधराव्या दिवशी पोरगे वरून मुटका मारी. खर्च शून्य.

आज त्या विहिरी कुठे आहेत? शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. मावळात धो धो कोसळणारा पाऊस इकडे येईपर्यंत दमतो. वर्षाकाठी साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो. विहिरींनी तळ दाखवला तशा लोकांनी बोअर घेतल्या. बोअर दोनशे फूट जाते, चारशे फूट जाते, त्याखालीही जाते. पण सहा इंचांच्या भोकात कुणी पोहायला शिकत नाही.

मग नदी? भीमा या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. पण रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला मिळते आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी घेऊनच मिळते. उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. तिथे नातवंडाला उतरवायला कुठल्याही आजोबाचा जीव होणार नाही.

म्हणजे पाणी साठवण्याची सोय वाढली आणि पोहणे शिकण्याची जागा गेली. धोका राहिला, विद्या गेली. मामांच्या हातातल्या त्या गुळगुळीत कागदामागे एवढी गोष्ट होती.

हा हौद आहे तरी काय?

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. आधी लाकडाचा किंवा फायबरचाच एक साचा करतात. त्यावर रंगीत, गुळगुळीत असा जेलकोटाचा थर फवारतात; पोहणाऱ्याच्या पायाला लागतो तो हाच. त्यावर काचतंतूंची चटई आणि राळ असे थर चढवत जातात, आणि बाहेरच्या अंगाला बळकटीसाठी फासळ्या घालतात. राळ घट्ट झाली की हौद साच्यातून सोडवून घेतात. मच्छीमारांच्या होड्या आज याच रीतीने होतात. हा हौद म्हणजे जमिनीत पुरलेली होडीच. ही उपमा वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

सिमेंट-काँक्रीटच्या हौदाशी तुलना केली तर याचे काही गुण उघड आहेत. काँक्रीटच्या हौदाला सळई, साचेबंदी, पाणी मारणे, गिलावा, टाइल असे आठवड्यांमागून आठवडे जातात. हा हौद तयारच येतो. काँक्रीटला तडा जातो. हा थोडा लवतो. गुळगुळीत असल्याने शेवाळ चटकन धरत नाही. उलट बाजूने पाहिले तर हवा तो आकार मिळत नाही, साच्यात असेल तोच घ्यावा लागतो. उन्हाने रंग उतरतो. थरांत पाणी शिरले तर फोड येतात. आणि मुख्य म्हणजे तो रस्त्याने आणावा लागतो. दहा फूट रुंदीची वस्तू पाणंदीतून आणणे म्हणजे काय, हे ज्याने ऊसाची ट्रॉली बाभळीच्या वाटेने काढली आहे त्याला सांगायला नको. वाटेत विजेच्या तारा असतील तर ते काम जिवावरचे. आधी तारमार्ग पाहून, वीज मंडळाच्या माणसाला विचारूनच करावे.

एकच हौद, दोन जमिनी

मी मामांना म्हटले, “विसार देऊ नका. आधी खड्डा घेऊन पाहू.”

त्याच सुमारास दुसरी गंमत झाली. माझी मामेबहीण दौंड तालुक्यात दिली आहे, वरवंडच्या पुढे, पाटाच्या खालच्या अंगाला. तिचे सासरे अण्णा हे मामांचे व्याही. एकाने काही केले की दुसऱ्याला चैन पडत नाही. तेच माहितीपत्रक अण्णांकडेही पोचले होते! तेव्हा मी दोन्हीकडे एकेक चाचणीचा खड्डा घ्यायचे ठरवले.

मामांकडे दीड फूट माती लागली, मग मुरूम, आणि साडेतीन फुटांवर काळा पाषाण. जेसीबीचे दात खडकावर ठणठण वाजू लागले. “इथं ब्रेकर लागंल,” म्हणून चालक खाली उतरला. ब्रेकर तासावर चालतो, आणि तास खडक ठरवतो, मालक नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिक्रापूर, न्हावरे करत पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि चौफुल्याला येऊन अण्णांकडे पोचलो. अण्णांची जमीन काळी, भारी, उसाची. खड्डा तासाभरात पाच फूट गेला. अण्णा मिशीला पीळ देत म्हणाले, “बघा पाव्हणं, आमची जमीन कशी लोण्यावानी!” मामा काही बोलले नाहीत.

सकाळी उठून पाहतो तो खड्ड्यात दीड फूट पाणी! खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा दौंडवरून इंदापूरकडे जातो. त्याचे आवर्तन सुटले होते, आणि पाटाचा पाझर जमिनीतून खड्ड्यात उतरला होता. आता मामांनी मिशीला हात लावला.

हसू आले तरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. होडीची उपमा आता आठवावी. हौद भरलेला असतो तोवर आतले पाणी त्याला खाली दाबून धरते. साफसफाईसाठी हौद रिकामा केला आणि बाहेर जमिनीत पाणी असले, तर ते हौदाला खालून उचलू लागते. हिशेब सोपा आहे. 20 बाय 10 म्हणजे 200 चौरस फूट तळ. त्याच्याभोवती फक्त एक फूट पाणी चढले तर 200 घनफूट पाण्याइतका, म्हणजे सुमारे 5,600 किलोचा रेटा वर लागतो. हौदाचे स्वतःचे वजन टनाच्या आतच असते. मग पुरलेली होडी जमिनीतून वर येते, नळ तुटतात, फरशी उखडते. विक्रेत्याचा कागद हे सांगत नाही.

याला उपाय आहे. हौदाखाली आणि सभोवार काळी माती न घालता खडी भरावी. एका कोपऱ्यात तळापर्यंत उभा पाइप ठेवावा. त्यात डोकावले की बाहेरचे पाणी कुठवर आहे ते कळते, आणि छोटा पंप सोडून ते उपसता येते. पावसाळ्यात किंवा आवर्तन चालू असताना हौद कधीही रिकामा करू नये. काळ्या मातीला आणखी एक खोड आहे : ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हौदाच्या अंगाला ती लागली तर बाजू आत ढकलते. म्हणून मधे खडीचा पट्टा हवाच.

भरण्याचीही रीत आहे. आत फूटभर पाणी सोडायचे आणि बाहेर फूटभर खडी भरायची. पुन्हा आत पाणी, बाहेर खडी. दोन्ही बरोबरीने चढले पाहिजेत. घाईने आधी बाहेरची भरणी केली तर हौद पोटात जातो, आधी आत पाणी भरले तर बाजू फुगतात.

नऊ लाखांची बेरीज

त्या रात्री अण्णांच्या ओसरीवर मी दोन्ही घरांचा हिशेब मांडला. हे आकडे दोन घरांच्या दरपत्रकांवरून ठोकळमानाने घेतले आहेत. दुसऱ्या गावी, दुसऱ्या विक्रेत्याकडे ते बदलतील. पण कलमे बदलणार नाहीत. म्हणून वाचकांनी आकड्यांपेक्षा कलमांकडे पाहावे.

दोन्हीकडची समान कलमे अशी : हौद 4,75,000 रुपये. पंप, वाळूचा फिल्टर आणि नळ्या 85,000. वाहतूक 35,000. उतरवायला हायड्रा 15,000. हौदाचे पोट आठ ब्रासचे, पण खड्डा पंधरा ब्रासचा करावा लागतो. मधली सात ब्रास खडी 35,000. काठाची काँक्रीटची पट्टी आणि भोवतीची खरखरीत फरशी 1,20,000. वीजजोड, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी 25,000. चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप मिटणारे दार 50,000. ही बेरीज 8,40,000 रुपये झाली.

मामांकडे ब्रेकरसह खोदाई 60,000 आणि पहिल्या भरणीला टँकरच्या तीन खेपा 6,000. एकूण 9,06,000.

अण्णांकडे खोदाई अवघी 15,000. पण पाझर काढण्यासाठी नळ्या, खड्डा आणि छोटा पंप मिळून 55,000. पाणी घरच्या विहिरीचे. एकूण 9,10,000.

“म्हंजे आमची लोण्यावानी जमीन तुमच्या खडकापेक्षा चार हजारानं महाग!” अण्णा म्हणाले.

पाहण्याजोगी गोष्ट ही, की माहितीपत्रकातली किंमत एकूण खर्चाच्या निम्म्याहून थोडीच अधिक निघाली. हौद घेणाऱ्याने दारात पडणाऱ्या किमतीची दुप्पट हाताशी ठेवावी, असा माझा ठोकताळा झाला आहे. दरपत्रक मागताना चार गोष्टी लेखी विचाराव्यात : कर धरला आहे की वेगळा, पंप-फिल्टर आत आहे की बाहेर, भरणी आणि पट्टी कुणी करायची, आणि हौद तरंगला किंवा फुगला तर हमी लागू होते की नाही. शेवटच्या प्रश्नावर विक्रेता किती वेळ गप्प बसतो, त्यावरून पुष्कळ कळते.

बांधकामापूर्वी ग्रामपंचायतीत, आणि गाव पीएमआरडीएच्या हद्दीत असेल तर तिथेही, परवानगीची चौकशी करावी. शेतीपंपाच्या जोडणीवर हौदाचा पंप चालवू नये. ती सवलत शेतीसाठी आहे.

पाण्याचा हिशेब

आता पाणी. सरासरी चार फूट खोली धरली तर हौदात 800 घनफूट, म्हणजे सुमारे 22,650 लिटर पाणी मावते. हे पुष्कळ की थोडे?

अण्णांनी लगेच बोटे मोडली. ऊसाला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एका गुंठ्याला दोन लाख लिटर. हौदाची भरणी, वर्षभर उडून जाणारी वाफ आणि फिल्टर धुण्याचे पाणी, सगळे मिळून मी सत्तर हजार लिटर धरले. म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा ऊस! “दोन सरी ऊस कमी लावला म्हणजे झालं,” अण्णा म्हणाले. आणि हिशेब खरा होता. शेततळ्याशी ताडून पाहिले तरी तेच : मामांच्या तळ्यात भरल्यावर सुमारे 22 लाख लिटर पाणी राहते. हौद त्याच्या शंभराव्या हिश्शाचा.

पण मामांनी दुसरा हिशेब विचारला. “माणसाला किती लागतं?”

2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज 55 लिटरचे माप धरले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराला एक हौद 82 दिवस पुरेल. टंचाईच्या दिवसांत टँकरने पाणी देताना तर माणशी 20 लिटर धरतात. त्या मापाने एका हौदात अकराशे माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. उन्हाळ्यात हौदावरून दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडाले तरी 130 लिटर होते. म्हणजे टंचाईच्या मापाने सहा माणसांचा वाटा रोज आभाळात जातो. वर्षाकाठी दीड मीटर थर उडतो, पावसाने त्यातला तिसरा हिस्सा परत मिळतो. वर आच्छादन घातले तर ही वाफ पुष्कळच अडते. तेव्हा आच्छादनाचे पैसे चैनीत धरू नयेत.

दोन्ही हिशेब बरोबर, आणि तरी उत्तरे निराळी. पाटाखालच्या उसाच्या पट्ट्यात जे पाणी दोन सऱ्यांचे, तेच कोरडवाहू वस्तीवर अकराशे घागरींचे होते. विक्रेत्याच्या कागदावर ‘पाणी : ग्राहकाचे’ एवढेच छापलेले होते.

रोजची चाकरी

हौद घेणे एकदाचे, सांभाळणे रोजचे. एक अश्वशक्तीचा पंप दिवसाला सहा तास चालला तर साडेचार युनिट, महिन्याला 135 युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी 1,350 रुपये झाले. क्लोरीन, आम्ल, फिल्टरची निगा यांना आणखी हजार-दीड हजार धरावे. वर्षाला तीस-पस्तीस हजार कुठेच जात नाहीत.

क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम राहावे आणि पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान असावा. तपासायची छोटी पेटी मिळते; रंग पाहून कळते. ऊन क्लोरीन खाते, म्हणून औषध संध्याकाळी घालावे. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात ती टीसीएलची पावडर चालते. पण ती आधी बादलीत कालवून, निवळी घ्यावी. सुकी पावडर आणि आम्ल एकत्र कधीही आणू नये, विषारी वायू सुटतो. बोअरचे पाणी जड असले तर काठावर पांढरा थर धरतो; तो घासताना तारेचा काथ्या वापरू नये, जेलकोट जातो.

एवढी चाकरी ज्याला होणार नाही त्याच्या हौदात दोन महिन्यांत बेडूक पोहतात. दौंड-शिरूरच्या रस्त्यांनी शनिवार-रविवारच्या बंगल्यांतले असे हिरवे हौद मी पाहिले आहेत. डासांची तेवढी सोय झालेली असते.

काठावरचा माणूस

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांत मुलांचा वाटा मोठा. संघटनेने सांगितलेले उपाय अगदी साधे आहेत : पाण्याभोवती अडसर घाला, लहान मुलांवर लक्ष ठेवा, शाळकरी वयाच्या मुलांना पोहायला आणि वाचवायला शिकवा. ऑस्ट्रेलियात घरच्या हौदाला कुंपण घालणे कायद्यानेच सक्तीचे आहे. आपल्याकडे हौदाला दिवे लावतात, कारंजे लावतात. कुंपणाला मात्र “शोभा जाते” म्हणतात. शेततळ्याला तर पुष्कळ ठिकाणी तारही नसते.

हौद खोल नाही म्हणून निर्धास्त होणेही चूक. लहान मूल बुडताना आरडाओरडा करत नाही. आवाज न होता जाते. म्हणून कुंपण असले तरी मुले पाण्यात असेतो काठावर एक पोहता येणारा मोठा माणूस हवा, आणि त्याच्या हातात मोबाइल नको.

शेवटी काय ठरले?

पहाटे मामा अंगणात बसले होते. मी चहा घेऊन गेलो.

“मी न्हाई घेत,” ते म्हणाले. “आमच्या वस्तीवर एप्रिलात टँकर येतो. बाया हंडे घेऊन उन्हात उभ्या राहतात. त्यांच्या देखत टँकरचंच पाणी हौदात सोडून नातवंडं खेळवू? ते पाणी माझ्या पोरांच्या अंगाला लागायचं न्हाई.”

“मग पोहणे?”

मामांनी ओसरीकडे पाहिले. अण्णा उठून बाहेर येत होते. दोन व्याह्यांत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, पण तासाभराने अण्णांनी मला बोलावून सांगितले, “हौद आमच्याकडं होईल. पाझराची नळी, कुंपण, सगळं तू लिवलंस तसं. पण मे महिन्यात पाव्हण्यांची नातवंडं हितं राहतील. आन् आमच्या वाडीतली पोरंबी सकाळी दोन तास येतील.”

हौद एप्रिलच्या अखेरीस आला. पाणंदीत एक बाभळीची फांदी तोडावी लागली आणि गोठ्याचा एक खांब तात्पुरता काढावा लागला. ‘चार दिवसांत पोहायला लागा’ म्हणणाऱ्यांना एकोणीस दिवस लागले. त्यातले सहा दिवस फरशीवाला लग्नाला गेला होता. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. तिथून निवृत्त झालेले एक जवान जवळच राहतात. त्यांनी शिकवायचे कबूल केले, आणि पैसे घेतले नाहीत. रोज दोन तांबे ताक तेवढे घेतले.

मामांनी वाचलेल्या पैशातून शेततळ्याला चारी बाजूंनी जाळीचे कुंपण घातले, फाटकाला कुलूप लावले, चारी बाजूंना पाण्यापर्यंत गाठी मारलेले जाड दोर सोडले आणि दोराच्या टोकांना हवा भरलेल्या जुन्या ट्यूबा बांधल्या. सगळा खर्च 78 हजार रुपये. माझ्या मते या साऱ्या उपद्व्यापात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेची खरेदी हीच. ज्यांच्या मळ्यात प्लॅस्टिकचे तळे आहे त्यांनी हौदाचा विचार पुढे केव्हाही करावा. दोर मात्र या आठवड्यात बांधावेत. एक दोर, चार गाठी, एक ट्यूब. त्याला दरपत्रक लागत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी अण्णांकडे गेलो होतो. हौदात नऊ मुले होती. त्यांत शेततळ्यात घसरलेला तो मुलगाही होता. मामांनी त्याला मुद्दाम आपल्या नातवंडांबरोबर आणले होते. पहिले चार दिवस तो पायरीवरच बसून राहिला, असे कळले. पाचव्या दिवशी जवानांनी त्याला पाण्यावर उताणे पडायला शिकवले. आता तो हौदाची लांबी दोनदा काटत होता.

मामा काठावर खुर्ची टाकून बसले होते. मी जवळ जाऊन काही बोलणार, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले. ते पाण्यातली डोकी मोजत होते. नऊ झाली, तेव्हा म्हणाले, “हं, आता बोल.”